आधी माल की आधी पैसे?

बिबवेवाडीला एका अंगाने सातारा रस्ता आहे आणि दुसऱ्या अंगाला गुलटेकडीचे मार्केट यार्ड. खाली रस्त्यावर ठोक व्यापाराची वर्दळ आणि वर सोसायट्यांच्या दोन-तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एक वेगळाच व्यापार, असे या भागाचे आजचे रूप आहे. कोणी साड्या विकते, कोणी दिवाळीचा फराळ परदेशी धाडते, कोणी घरातला जुना सोफा नाहीतर मुलाची अभियांत्रिकीची पुस्तके ऑनलाइन काढते. गिऱ्हाईक नागपूरचे असते, सांगलीचे असते, न्यू जर्सीचेही असते. दोघांनी एकमेकांचे तोंड पाहिलेले नसते. फोटो जातो, भाव ठरतो आणि मग विचारणा येते, ‘पैसे कसे पाठवू?’ यूपीआय चालेल का, खात्यावर भरू का, पार्सल आल्यावर दिले तर चालतील का? या साध्या विचारणेच्या पोटात दुसरा, फार जुना प्रश्न दडलेला आहे: हातातले आधी कोणी सोडायचे? माल धाडणाऱ्याने, की पैसे देणाऱ्याने? आणि मधल्या काळात काही विपरीत घडले तर ते कोणाच्या अंगावर? पैसे देण्याघेण्याची जी जी रीत आपल्याकडे आली तिने या प्रश्नाला आपापले उत्तर दिले. त्या उत्तरांचा माग काढत आपण पेशवाईपासून आजपर्यंत चालत येऊ.

अठराव्या शतकातल्या पुण्यात ‘रुपया’ एवढे सांगून भागत नसे. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे नाना टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात चालत. प्रत्येकाचा कस वेगळा, झीज वेगळी आणि त्याप्रमाणे बट्टा वेगळा. नाणे पारखायला पोतदार आणि बदलून द्यायला सराफ लागे. तो आपला वर्तावळा कापून घेई. ही झाली गावातली गोष्ट. पैसा गावाबाहेर न्यायचा तर वाटेवरच्या लुटीचे भय. १८५७च्या धामधुमीत वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तरेत गेले, तिथे त्यांनी मिळवलेले द्रव्य लुटले गेले. पुढे १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये ती हकीकत आहे. रोकड कमरेला बांधून देशाटन करणे म्हणजे काय, हे त्यातून पुरते कळते. म्हणूनच काशीला निघालेला यात्रेकरू असो वा शेले-पागोट्यांचा व्यापारी, शहाणा माणूस पैसा बरोबर नेतच नसे. तो सावकाराच्या पेढीवर भरणा करी आणि हुंडी घेऊन निघे.

हुंडीपाशी आपण जरा थांबू, कारण पुढच्या अडीचशे वर्षांत जे काही आले त्याचे बहुतेक बीज या कागदात आहे. हुंडी म्हणजे एका पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीला लिहिलेले पत्र: अमुक रक्कम आम्ही येथे घेतली, तेथे द्यावी. रक्कम आकड्यात लिहीत, अक्षरी लिहीत आणि वर तिची निम्मीही लिहीत. शंभराची हुंडी असेल तर ‘निमे पन्नास, त्याची दुप्पट’ अशा थाटाने. कोणी एक शून्य वाढवले तरी निम्म्याचा हिशेब लबाडी उघडी पाडी. दाखवताक्षणी पैसे द्यायची ती दर्शनी, मुदतीने द्यायची ती मुदती. शहाजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या ‘शहा’लाच मिळत. त्यामुळे चोराच्या हाती कागद लागला तरी तो निरुपयोगी ठरे. मूळ हुंडी हरवली तर पेठ आणि तीही हरवली तर परपेठ, अशा तिच्या नकला निघत. या सगळ्या सोयीची किंमत म्हणजे हुंडणावळ. अंतर, हंगाम आणि नाण्याची टंचाई पाहून ती चढे-उतरे.

या कुळातली मला सर्वांत शहाणी वाटते ती जोखमी हुंडी. किनाऱ्यावरचा व्यापारी गलबतात माल भरी आणि पलीकडच्या बंदरातल्या घेणाऱ्यावर हुंडी लिही. सराफ ती विकत घेऊन व्यापाऱ्याला पैसे लगेच मोजी. मात्र माल सुखरूप पोचला तरच हुंडी वटे. गलबत बुडाले तर सराफ बुडाला. म्हणजे विकणाऱ्याला पैसे आधी मिळाले, घेणाऱ्याला माल पाहिल्यावर द्यावे लागले आणि मधले समुद्राचे संकट तिसऱ्याने, दाम घेऊन, डोक्यावर घेतले. आजची कुठलीही मोठी ऑनलाइन बाजारपेठ याहून अधिक काही देऊ करत नाही. हुंडीवरचा लोकांचा भरवसा किती मुरला होता याची खूण कीर्तनात सापडते. नरसी मेहत्याने द्वारकेच्या सावळशा शेठवर हुंडी लिहिली आणि देवाने ती वटवली, ही कथा महिपतींनी १७६२ साली रचलेल्या ‘भक्तविजया’तून मराठी घराघरांत गेली. देवाची पत सांगायला कीर्तनकाराने हुंडीचा आधार घेतला, कारण समोर बसलेल्या प्रत्येकाला तिचा अर्थ ठाऊक होता.

१८१८ साली पेशवाई गेली. १८३५ साली कंपनी सरकारने आपल्या मुलखात एकच रुपया चालू केला आणि नाण्यांच्या बट्ट्यावर जगणाऱ्या पेढ्यांचा एक मोठा धंदा हळूहळू आटला. १८५४च्या ऑक्टोबरात देशभर एकाच दराचे टपाल आले. अर्ध्या आण्याच्या तिकिटावर पत्र कुठेही जाऊ लागले. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू होऊन पुणे आणि मुंबई जोडली गेली. आता दूरच्या दुकानदाराकडून एखादी वस्तू मागवणे हे पेढीवाल्यांपुरते राहिले नाही. शाळामास्तर आणि कारकूनही तसा विचार करू लागले. परंतु दोन-तीन रुपयांच्या पुस्तकासाठी हुंडी कोण लिहून देणार? मग लोकांनी आपल्या वाटा काढल्या. १८६१च्या कायद्याने सरकारी कागदी नोटा आल्या, तेव्हा नोट मधोमध कापून अर्धी एका टपालाने आणि पोच आल्यावर उरलेली अर्धी दुसऱ्या टपालाने धाडण्याची रीत पडली. घेणारा दोन्ही तुकडे जोडून पैसे करी. किरकोळ रकमेसाठी पाकिटात टपालाची कोरी तिकिटेच घालून पाठवीत आणि विकणारा ती नाणी मानून ठेवून घेई. सरकारने ज्या कामासाठी काढलीच नव्हती त्या कामाला लोकांनी तिकिटे लावली, आणि व्यापाऱ्याने ‘हेही चालेल’ म्हटले म्हणून ती चालली. पैसे देण्याची नवी रीत रुजायला घेणाऱ्याचा होकार लागतो, हे पुढेही वारंवार दिसते.

आणि मग १८७७ साल उजाडले. त्या वर्षीच्या डिसेंबरात हिंदुस्थानच्या टपालखात्याने व्हॅल्यू पेएबल पोस्ट, म्हणजे आपली व्ही.पी., सुरू केली. ज्या घटनेला इतिहासाच्या पुस्तकात ओळभरही जागा मिळत नाही अशी ही घटना आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रवासातले सर्वांत मोठे वळणही तेच आहे. पार्सल पोचवून दारात पैसे वसूल करण्याची अशी सोय अमेरिकेच्या टपालाने १९१३ साली आणि खुद्द ब्रिटनने देशांतर्गत टपालात १९२६ साली दिली. आपल्या आज्यापणज्या तिच्याशी त्याआधीच परिचित होत्या.

व्ही.पी.चे काम जवळून पाहण्यासारखे आहे. विकणारा टपालकचेरीत पार्सल देई तेव्हाच त्याच्याबरोबर मनिऑर्डरचा एक फॉर्म भरून देई. त्यावर पैसे घेणारा म्हणून त्याचे स्वतःचेच नाव-पत्ता असे. फॉर्म पार्सलाबरोबर प्रवास करी. गिऱ्हाइकाच्या दारात पोस्टमन उभा राही, पैसे मोजून घेई आणि मगच पुडके हाती देई. तोच फॉर्म उलट दिशेला निघे आणि काही दिवसांनी विकणाऱ्याच्या दारात दुसरा पोस्टमन तेवढी रक्कम घेऊन येई. १ जानेवारी १८८०पासून टपालखात्याने मनिऑर्डर आपल्या हाती घेतली, त्यामुळे ही परतीची वाट पक्की झाली. मुंबईच्या गिरणीतून कोकणात जाणाऱ्या मनिऑर्डरींबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. ते योग्यच आहे. पण व्ही.पी.मुळे गावोगावचा वाचक पुण्या-मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याचे गिऱ्हाईक झाला, ही गोष्टही तितकीच मोलाची आहे. जुन्या मासिकांच्या जाहिरातींची पाने चाळावीत: काढे, अंजने, घड्याळे, धार्मिक पोथ्या, नाटकांची पुस्तके. खाली ठरलेली सूचना असे, की व्ही.पी.ने मागवावे, टपालहशील वेगळे पडेल. मासिकांची वर्गणीही मनिऑर्डरने येई, नाहीतर अंक व्ही.पी.ने धाडून वसूल होई.

अर्थात या सोयीतही फट होतीच. गिऱ्हाईक उत्साहाने मागवी आणि पुडके येईपर्यंत त्याचा विचार बदले किंवा महिनाअखेर उजाडे. ‘व्ही.पी. परत आली’ हे पुस्तकविक्रेत्याचे कायमचे दुखणे. जाण्याचा खर्च त्याचा आणि परतलेल्या, कोपरे दुमडलेल्या पुस्तकाचे नुकसानही त्याचेच. उलट बाजूने लबाड विक्रेतेही होते. न मागवलेल्या वस्तू धाडायच्या, किंवा वेष्टणात भलतेच भरायचे. पैसे मोजल्याखेरीज पुडके फोडता येत नाही याचा ते फायदा घेत. म्हणून टपालखात्याने नियम केला, की खऱ्याखुऱ्या मागणीवरून माल धाडत असल्याचे पाठवणाऱ्याने लिहून द्यावे. जोखमी हुंडीत सराफाने संकट विकत घेतले होते. टपालखात्याने फक्त पुडके आणि पैसा यांची अदलाबदल सांभाळली. आत काय आहे याची हमी घेतली नाही.

मोठ्या मालाला पोस्टमनची पिशवी पुरत नव्हती. तिथे बँक मध्ये आली. व्यापारी रेल्वेने, पुढे ट्रकने माल लादी, त्याची बिल्टी, म्हणजे माल लादल्याची पावती, बँकेकडे देई आणि घेणाऱ्याने बँकेत पैसे भरल्याशिवाय बिल्टी त्याच्या हाती पडत नसे. ‘बिल्टी सोडवून आणा’ हे वाक्य भुसार बाजारात मुरलेले आहे. फळे-भाज्यांना मात्र बिल्टी सुटेपर्यंत थांबायला सवड नसते. त्यांच्यासाठी आडत्या उभा राहिला. शेतकरी माल गाडीत घालतो, स्वतः बहुधा येतही नाही. आडत्या तो गाळ्यावर विकतो. आडत, हमाली, तोलाई वजा करून पट्टी लावतो आणि उरलेले पैसे धाडतो. मला हे नाते फार बोलके वाटते. न पाहिलेल्या गिऱ्हाइकाला माल विकून, आपले कमिशन कापून विक्रेत्याच्या खात्यात उरलेली रक्कम टाकणाऱ्या आजच्या संकेतस्थळांचा थोरला भाऊ बिबवेवाडीच्या शेजारी गुलटेकडीला पहाटेपासून कामाला लागलेला असतो. आडत कोणी सोसायची हा वादही तोच. जुलै २०१६मध्ये महाराष्ट्र सरकारने फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे ठरवले, तेव्हा किती रण माजले ते अजून स्मरणात आहे.

मधली काही दशके आपण भरभर ओलांडू. चेक आणि ड्राफ्ट आले. १८८१च्या पराक्राम्य दस्तऐवज कायद्याने त्यांना चौकट दिली आणि हुंडीला तिच्या स्थानिक रिवाजावर सोडून दिले. १९८८च्या दुरुस्तीने न वटलेला चेक हा गुन्हा ठरवला. तरीही अनोळखी माणसाच्या चेकवर माल सोडायला दुकानदार बिचकतच राहिला. एका टप्प्याची नोंद मात्र आवर्जून करायला हवी. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. बिबवेवाडीचा ४११०३७ हा आकडा आज प्रत्येक पार्सलावर असतो. सहा आकड्यांच्या त्या शिस्तीवाचून घरबसल्या विक्रीचा आजचा पसारा उभा राहिला नसता.

सप्टेंबर १९९५मध्ये पिएर ओमिद्यार यांनी अमेरिकेत लिलावाचे एक संकेतस्थळ सुरू केले. तेच पुढे ईबे झाले. यंत्र नवे होते, पण पैसे येत ते जुन्याच वाटेने: टपालात घातलेला चेक आणि मनिऑर्डर. विक्रेता चेक वटेपर्यंत माल धरून ठेवी. ही अडचण पेपालने सोडवली आणि २००२ साली ईबेने पेपालच विकत घेतली. सहा वर्षांनी तिथे चेक-मनिऑर्डरीला बंदीच झाली. आपल्याकडे २००० साली अवनीश बजाज आणि सुवीर सुजन यांनी मुंबईतून बाझी डॉट कॉम काढले. २००४ साली ईबेने ते सुमारे ५ कोटी डॉलरला घेतले. इथे क्रेडिट कार्डे थोडी आणि अविश्वास मोठा. त्यातून ‘पैसापे’ची रीत रुळली: घेणाऱ्याने पैसे संकेतस्थळाकडे भरायचे, त्यांनी विक्रेत्याला ‘आता माल धाडा’ म्हणायचे आणि माल पोचल्यावर पैसे सोडायचे. हा व्ही.पी.चाच वंशज, फक्त पैसा दारात घेण्याऐवजी आधी घेऊन मध्ये धरलेला. पुण्यातल्या कित्येकांनी जुनी नाणी, पोस्टाची तिकिटे आणि मोबाइल याच वाटेने विकायला सुरुवात केली. ऑगस्ट २०१८मध्ये ईबे इंडियाचे दुकान मिटले, पण त्याने लावलेली सवय राहिली.

त्या काळात पैसा भलत्याच्या हाती जाऊ नये आणि मध्ये अडकून पडू नये म्हणूनही नियम झाले. ऑगस्ट २००९पासून ऑनलाइन कार्डव्यवहारात दुसरी ओळख पटवणे रिझर्व्ह बँकेने सक्तीचे केले. त्याच नोव्हेंबरात विक्रेत्यांचा पैसा मध्यस्थांनी वेगळ्या खात्यात ठेवून ठरल्या दिवसांत पोचता करावा असे बजावले. पण ज्यांच्याकडे कार्डच नव्हते त्यांचे काय? २०१० साली फ्लिपकार्टने माल पोचल्यावर रोख (कॅश ऑन डिलिव्हरी, म्हणजे सीओडी) घ्यायला सुरुवात केली आणि गिऱ्हाईक लोटले. १८७७ची व्ही.पी. खाकी पिशवीऐवजी कुरिअरच्या पाठपिशवीतून परत आली. तिच्याबरोबर तिचे दुखणेही आले. आज विक्रेते ज्याला ‘आरटीओ’ म्हणतात, दारातून माघारी आलेले ते पार्सल, त्याचे खर्च अजून विक्रेत्याच्याच माथी बसतात. बिबवेवाडीत साड्या विकणाऱ्या बायका ‘सीओडी नाही’ असे आधीच लिहून टाकतात; त्यामागे हा जुना, कडवट अनुभव आहे.

११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत यूपीआय जाहीर झाले, ऑगस्टअखेर बँकांची अॅप आली आणि ८ नोव्हेंबरच्या नोटबंदीने लोकांना त्याकडे ढकलले. पाठोपाठ क्यूआरचे चौकोन भाजीच्या गाड्यांवर लटकू लागले. तो चौकोन मासाहिरो हारा यांनी १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्हमध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी घडवला होता. मग १ जानेवारी २०२०पासून यूपीआय घेणाऱ्या दुकानदाराला त्यासाठी काही कापून द्यावे लागेनासे झाले. आपल्या मागोव्यात हा क्षण अपूर्व आहे. पोतदार, सराफ, टपालखाते, बँक, कार्ड कंपनी, सगळ्यांनी आपापली हुंडणावळ घेतली. आता दूरच्या माणसाचे पैसे हुंडणावळीवाचून हाती पडू लागले.

पण हुंडणावळ गेली तेव्हा तिच्याबरोबर मधला माणूसही गेला. यूपीआयचा पैसा क्षणात जातो आणि चुकून गेला तर ओढून आणणे दुरापास्त. पुडके धरून उभा असलेला पोस्टमन त्या क्षणी तिथे नसतो. ही फट लबाडांनी लगेच हेरली, आणि नवल असे की फसले ते बव्हंशी विकणारे. जुना पलंग विकायला काढावा, ताबडतोब फोन यावा, समोरचा लष्करात असल्याचे सांगतो, घासाघीस न करता भाव मान्य करतो आणि म्हणतो, ‘क्यूआर पाठवतो, स्कॅन करा, पैसे जमा होतील.’ पिन टाकताच खात्यातून पैसे जातात. पैसे घ्यायला पिन लागत नाही, ही एवढी गोष्ट पुरेशी लोकांपर्यंत पोचली नव्हती. मार्च २०२२मध्ये रिझर्व्ह बँकेने फसवणुकीच्या प्रकारांवर पुस्तिका काढली, तीत ऑनलाइन विक्रीतल्या या प्रकाराला जागा द्यावी लागली. या लबाडीचे दुसरे हत्यार होते ‘कलेक्ट’, म्हणजे समोरच्याने तुमच्या खात्यावर केलेली मागणी. हुंडीही अशीच दुसऱ्यावर लिहिली जाई. पण हुंडी लिहिणाऱ्याला पेढी ओळखत असे, इथे कोणीही कोणावरही लिहीत होता. अखेर १ ऑक्टोबर २०२५पासून व्यक्ती-व्यक्तींमधली कलेक्ट विनंती बंद करण्यात आली. शहाजोग हुंडीच्या काळातल्या सराफाला हा निर्णय ऐकून समाधान वाटले असते.

आता आपण पुन्हा आजच्या बिबवेवाडीत आहोत. इथली फराळवाली परदेशच्या गिऱ्हाइकाचे पैसे बहुधा त्याच्या पुण्यातल्या आईवडिलांकडून यूपीआयने घेते. तिची ओळख त्यांच्याशी असते, आणि ही पत जुन्या पेढीच्या जातीची आहे. साडीवाली पूर्ण रक्कम आधी मागते, पण पदर, काठ आणि घडी दाखवणारा व्हिडिओ पार्सल बांधण्याआधी धाडते. नवे गिऱ्हाईक असेल तर काही जणी निम्मे आधी आणि निम्मे माल निघताना घेतात. जुने सामान विकणारा माणूस मात्र ‘घरी या, पाहा, इथेच पैसे टाका’ म्हणतो आणि बँकेचा संदेश आल्याखेरीज वस्तू उचलू देत नाही. समोरच्याच्या मोबाइलवरचे हिरवे चिन्ह तो पुरावा मानत नाही. या रीती कोणी शिकवलेल्या नाहीत. प्रत्येकाने आपले नुकसान मोजून त्या बसवल्या आहेत, आणि विक्रेत्याने कुठली रीत स्वीकारावी हे ठरवताना मीही त्याच हिशेबाने पाहीन: ती किती झटपट आहे यापेक्षा मधला धोका तिने कोणावर टाकला आहे.

७ डिसेंबर २०२२च्या पतधोरणात रिझर्व्ह बँकेने यूपीआयसाठी एक सोय जाहीर केली. गिऱ्हाइकाने रक्कम आपल्याच खात्यात अडकवून ठेवायची. ती त्याला इतरत्र खर्चता येणार नाही आणि माल किंवा सेवा मिळाल्यावरच विक्रेत्याकडे वळेल. शेअरबाजाराच्या व्यवहारात जानेवारी २०२४पासून अशी अडकवलेली रक्कम वापरायला सुरुवातही झाली. पैसे नक्की आहेत याची विक्रेत्याला खात्री, आणि माल येईपर्यंत ते आपल्याच खात्यात असल्याचा गिऱ्हाइकाला धीर. साड्या आणि फराळ विकणाऱ्यांच्या फोनवर ही सोय एका क्यूआरइतकी सहज आली, तर ‘सीओडी नाही’ ही ओळ त्या आपणहून पुसतील.